एका नंबराची दोन लग्नं

"माझ्या पोरीचं लग्न काय सडकंवर लावू का? आं? सडकंवर मांडव घालू का?"

बोरीहून आलेला माणूस मंगल कार्यालयाच्या ऑफिसात उभा राहून ओरडत होता. त्याचा आवाज असा होता की बाहेर स्टेजवर माईक तपासणाऱ्याला वाटलं आपलाच कर्णा शिट्टी मारतोय, म्हणून त्यानं घाईघाईनं पिन उपसली. एकात एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या थरथरल्या. स्टेशनात उभी असलेली गाडीसुद्धा त्या आवाजाला शिट्टी समजून सुटली असती, पण तेवढं लिहिलं तर पुढच्या मजकुरावर कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून ते सोडून देतो.

त्याच्या हातात लग्नपत्रिका होती. तिच्यावर सोनेरी अक्षरांत मुलीचं नाव, पुढच्या आठवड्यातली तारीख, सकाळचा मुहूर्त आणि ठिकाण म्हणून याच कार्यालयाचा खालचा हॉल. आणि समोरचा कॉम्प्युटर सांगत होता की त्या दिवशी खालच्या हॉलमध्ये राणीसावरगावच्या पार्टीचं लग्न आहे. बोरीच्या या माणसाचं नाव रद्द झालेल्यांत नव्हतं, वाट बघणाऱ्यांतही नव्हतं. कॉम्प्युटरच्या हिशेबानं हा गृहस्थ कधी कार्यालयाची पायरी चढलेलाच नव्हता.

"मी काय खोटं बोलायलो का?" त्यानं पत्रिका टेबलावर आपटली. "गावात वाटून झाल्या ह्या."

कार्यालयाच्या मालकानं स्क्रीन माझ्याकडं फिरवला आणि घाम पुसत म्हणाला, "हे आमचे इंजिनेर साहेब. त्यांनाच विचारा."

मी इंजिनिअर नाही. बी.कॉम. होऊन टायपिंगच्या क्लासात शिकवायला लागलो, पुढं टाइपरायटर गेले आणि त्यांच्या जागी कॉम्प्युटर आले, आणि मी खुर्ची सोडली नाही म्हणून कॉम्प्युटरवाला झालो. परभणीत एवढ्या भांडवलावर माणूस इंजिनिअर होतो. तेव्हापासून मी दुकानादुकानांतले आजारी प्रोग्राम बरे करत स्कूटरवर फिरतो. वैशाखात स्कूटरची सीट अशी तापते की तिच्यावर पापड भाजून घ्यावा. गुडघे बोलायला लागलेत. प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटतं की जगात बिघडलेला प्रोग्राम तेवढा त्याचाच. दमलो असं म्हणावं तर म्हणावं कुणाला? बायको शाळेत शिकवते. ती माझ्यापेक्षा जास्त दमून येते आणि तिला ते बोलून दाखवायचीही फुरसत नसते.

आता हा बोरीचा माणूस कॉम्प्युटरमधून नाहीसा कसा झाला, ते सांगतो.

कार्यालयाचा मालक हा तिघा भावांतला मोठा. वडिलांच्या मागं धंद्याची वाटणी झाली ती अशी: मोठ्याकडं मंगल कार्यालय, मधल्याकडं मांडव आणि डेकोरेशन, धाकट्याकडं भांडी आणि आचारी. दुकानं तीन, पण लग्न करणाऱ्याला तिन्हीकडं जावंच लागतं, म्हणजे गिऱ्हाईक एकच. तिघांनीही एकमेकांना न सांगता आपापले प्रोग्राम घेतले होते. मोठ्याचा इतका जुना की उघडताना कॉम्प्युटर खोकायचा. मधल्याचं मोबाइलमधलं अ‍ॅप, पुण्याच्या जावयानं बनवून दिलेलं. त्यात चूक काढली तर जावयाचा अपमान होऊन पोरगी माहेरी परत येण्याची भीती. धाकट्याचं सगळं एका एक्सेलच्या शीटमध्ये, रंग भरून ठेवलेलं. लाल म्हणजे काय आणि हिरवं म्हणजे काय ते फक्त त्यालाच ठाऊक, आणि तोही उन्हाळ्यात विसरायचा.

त्यामुळं व्हायचं काय, एकच लग्न तिघांकडं तीन नावांनी नोंदलं जायचं. हॉल मुलीच्या बापाच्या नावावर, मांडव मामाच्या नावावर, आणि भांडी नुसतीच 'बोरीचं लग्न' अशी. तारीख बदलली तर बाप मोठ्याला सांगायचा. बाकीच्या दोघांना ते लग्न होऊन गेल्यावर कळायचं. एकदा म्हणे मांडव एका गावाला गेला, कढया दुसऱ्या गावाला आणि पाहुणे तिसरीकडं. कढया उतरल्या त्या गावात लग्नच नव्हतं. पण आचारी आलाय, सामान आलंय, तर पंगत तरी उठवून घेऊ म्हणून लोक जेवले, आणि हात धुतल्यावर मग नवरदेव कोण ते शोधायला लागले. हे मला धाकट्यानं शपथेवर सांगितलं. मी त्यात भर घातलेली नाही. घातली असली तर थोडी.

शेवटी तिघं भाऊ वाटणीनंतर पहिल्यांदा एका टेबलाशी बसले. मला बोलावलं. गिऱ्हाइकांची यादी एक असावी यावर तिघांचं एकमत झालं, आणि आपला प्रोग्राम सोडून दुसऱ्या भावाचा वापरणार नाही यावरही तिघांचं एकमत झालं. मी म्हणालो, सोडू नका. वेब सर्व्हिस करू.

ती म्हणजे काय, असं तिघांनी एकदम विचारलं. लग्नाच्या धंद्यातली माणसं, म्हणून मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. सोयरीक जमवताना मुलीचा बाप मुलाच्या बापाला थेट विचारत नाही की तुमच्या दिवट्याला खरी नोकरी आहे का. मध्यस्थ जातो, विचारतो, उत्तर आणतो. दोन्ही घरं आपापल्या जागी राहतात. वेब सर्व्हिस म्हणजे हा मध्यस्थ. तुमचे तिन्ही प्रोग्राम आपापल्या दुकानात सुखानं नांदतील. नेटवर एका ठिकाणी सगळ्यांची मिळून एकच यादी राहील. कुणाच्याही दुकानात गिऱ्हाईक आलं की तिथला प्रोग्राम मध्यस्थाला विचारील, हा माणूस आपल्या ओळखीचा का? मध्यस्थ यादी बघून सांगेल, ओळखीचा आहे, अमुक तारखेला लग्न आहे, मांडव सांगितलाय, भांडी राहिलीत. मोठ्याला हे इतकं पटलं की त्यानं स्वतः होऊन दुसऱ्यांदा चहा मागवला, आणि त्याला ओळखणारे लोक सांगतील की ही घटना इतिहासात लिहून ठेवावी अशी आहे.

राहिला प्रश्न एकच. तीन दुकानांतला माणूस एकच आहे हे ओळखायचं कशावरून? नावावरून म्हणावं तर एका गावात एका नावाचे इतके लोक, की हाक मारली तर अर्धी आळी ओ देते. पत्ता सगळ्यांचा एकच, मारुतीच्या देवळामागं. मग मधला म्हणाला, मोबाइल नंबर. नंबर एकाचा तो दुसऱ्याचा नसतो. हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, जगभरात असंच करतात. वर मोठ्यानं एक नियम घालायला लावला. त्याच्या काउंटरवर बसणारा पुतण्या बटण दोनदा दाबायचा आणि एकाच माणसाची एकाच दिवशी दोन बुकिंगं पडायची. म्हणून एका गिऱ्हाइकाची एका तारखेला दोन बुकिंगं दिसली तर त्याच्या मोबाइलवर मेसेज जावा, की एक बुकिंग जादा दिसतंय, हरकत असेल तर कळवा. आणि आठवडाभरात उत्तर आलं नाही तर जादाचं काढून टाकावं. मी फक्त सांगितलं तसं बनवून दिलं. हे वाक्य मी पुढं बऱ्याच लोकांना बऱ्याच वेळा ऐकवलं आहे.

यादी एक करायला बसलो तेव्हा शहरातल्या गिऱ्हाइकांनी जीव काढला. एकेकाची तीन तीन सिमं; बापाकडं एक नंबर, मामाकडं दुसरा. पण बोरीकडचा माल काय सांगू तुम्हाला. हॉलमध्ये तोच नंबर, मांडवात तोच, भांड्यांत तोच. खटाखट जुळत गेलं. अशी जुळलेली माहिती मी जन्मात पाहिली नव्हती. डोळे भरून आले. म्हटलं, काय सरळ माणसं आहेत ही, एक जबान, एक नंबर.

आणि त्यातलाच एक सरळ माणूस आता माझ्या डोक्यावर उभा राहून विचारत होता की पोरगी कुठं उभी करू.

मी यादी उघडली आणि त्याला नंबर विचारला. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढून वाचून दाखवला. तो नंबर टाकल्याबरोबर स्क्रीनवर एक गिऱ्हाईक उघडलं, आणि त्या एका गिऱ्हाइकाच्या नावावर इतकी लग्नं होती की जुन्या काळच्या एखाद्या नबाबानंही तोंडात बोट घातलं असतं. जिंतूर तालुक्यातल्या निम्म्या पोरींचा हा एकच बाप. स्क्रीन सरकवता सरकवता माझं बोट दुखलं.

"हा तुमचाच नंबर ना?"

"माझा कशाला आसंल? आबाचा हाय."

आबा म्हणजे बोरीचे मध्यस्थ. त्या भागातल्या सोयरिकी तेच जमवतात. तुम्ही स्वतःचा नंबर का नाही दिला, असं मी विचारलं, तेव्हा तो ओरडायचा थांबला आणि माझ्याकडं काळजीनं बघायला लागला. मला ऊन लागलंय असं त्याला वाटलं असावं.

"सोयरीक त्येनी जमवली," तो सावकाश समजावून सांगू लागला. "अक्षता पडूस्तोर सगळा जिम्मा त्येंचा. मग नंबर दुसऱ्या कुणाचा द्यावं?"

दस्तूर असा. पोरीचा बाप असो, मामा असो, आचाऱ्याला सांगायला गेलेला चुलता असो, सगळे आबांचा नंबर देतात. कारण काही कमीजास्त झालं तर कळायला पाहिजे ते आबांना. हे आम्हा चौघा शहाण्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. कारण जुन्या दिवसांत आबांना फोन लावला की ते कोणतं लग्न ते विचारायचे आणि बरोबर निरोप पोचवायचे, त्यामुळं कुणाचं कधी अडलंच नव्हतं.

त्याच तारखेला आबांच्या नंबरावर दुसरंही एक लग्न होतं, वरच्या हॉलमध्ये. तेही बोरीचंच. दोन बाप, दोन नवऱ्या, दोन हॉल. पण नंबर एक. मग मध्यस्थ प्रोग्रामनं ठरवलं की हा एकच माणूस आहे आणि पुतण्यानं बटण दोनदा दाबलंय. मेसेज गेला आबांच्या मोबाइलवर. उत्तर आलं नाही. खालचा हॉल मोकळा झाला आणि राणीसावरगावच्या लोकांनी लगेच धरला. मांडवाचं एक बुकिंग गेलं, भांड्यांचं एक गेलं. तिन्ही दुकानांत एकदम, बिनबोभाट. काम असं चोख झालं होतं की ते बघून माझी मलाच भीती वाटली.

वरच्या हॉलमधलं दुसरं लग्न कुणाचं, ते मी मोठ्यानं वाचलं आणि चुकलो. बोरीच्या माणसाचा चेहरा बदलला. तो दुसरा बाप म्हणजे त्याचा बांधशेजारी. बांधावरची एक बाभूळ कुणाची यावरून दोघांचं बोलणं बंद झालेलं. बाभूळ वठून, तोडून, जळून गेली, तरी बोलणं बंदच. एकाच्या घरी सत्यनारायण असला तर दुसरा त्या दिवशी परगावी जायचा. या दोघांना आम्ही एक करून टाकलं होतं.

तो खुर्चीत बसला. आवाज एकदम खाली आला.

"मला त्येच्यात मिळवलं व्हय तुमी?"

त्याचं ओरडणं परवडलं असतं.

पुढचे दोन दिवस तिघं भाऊ आणि मी वणवण फिरलो. मोसमातला तो शेवटचा मोठा मुहूर्त. त्या तारखेला जिल्ह्यात रिकामं छप्पर उरलं नव्हतं. गंगाखेडला एका भुसाराच्या गोदामात हळदीचा कार्यक्रम ठरलेला मी डोळ्यांनी बघितला. राणीसावरगावच्या लोकांनी आम्हाला सरबत दिलं, पंख्याखाली बसवलं आणि नम्रपणे सांगितलं की आमच्याही पत्रिका वाटून झाल्या आहेत. त्यांचं काही चुकीचं नव्हतं. परतताना स्कूटरवर मला वाटलं, हे सगळं सोडून द्यावं आणि पुन्हा टायपिंगचा क्लास काढावा. पण टाइपरायटर आणावेत कुठून.

मग मोठ्यानं आबांना फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आबा हजर. धोतर, खांद्यावर टॉवेल, गळ्यात दोरीनं अडकवलेला बटणांचा मोबाइल, आणि चेहऱ्यावर असा भाव की जिल्ह्याचा वंश आपल्यामुळं चाललाय. ते थेट मालकाच्या खुर्चीत बसले आणि आम्हाला उभं ठेवलं. मी त्यांना मेसेजचं विचारलं.

"मेसेज तर रोज येतेत," आबा म्हणाले. "कुणी म्हणतंय कर्ज घ्या, कुणी म्हणतंय लाटरी लागली. मी कुणाकुणाला जवाब देऊ? काम आसलं तर माणूस फोन करील की."

मी स्क्रीन त्यांच्याकडं फिरवला आणि दोन्ही लग्नं वाचून दाखवली.

आबांनी डोळे मिटून थोडा विचार केला आणि निकाल दिला. वरचा हॉल एक, लग्नं दोन. पत्रिकेत वरच्याचा मुहूर्त सकाळचा आहे. ते झालं की त्याच हॉलमध्ये दुसरं लग्न गोरज मुहूर्तावर. गुरुजींना मी सांगतो, नवऱ्या मुलाकडच्यांना मी सांगतो, पाहुण्यांना मी सांगतो. मधल्यानं भीत भीत आठवण करून दिली की ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

"त्येंला बोला म्हणून कुणी सांगितलं?" आबा उठले. "मी हाय की."

हॉल गेलेल्या बापाची अट होती की ज्यानं हा घोळ घातला तो माणूसही सोबत यावा. तो माणूस कोण यावर तिघं भाऊ एकदम माझ्याकडं बघायला लागले. म्हणून भर उन्हात आबांना मागं बसवून मी बोरीला निघालो. जिंतूर रोडवर असा फुफाटा की समोरून आलेल्या ट्रकमधला माणूस मला सावलीसारखा काळा दिसला. मागं आबांचा फोन अखंड वाजत होता. पूर्ण रस्ताभर ते माझ्या कानात लग्नं जमवत होते, एक दोन मोडतही होते. बोरीत उतरेपर्यंत तालुक्यातल्या सगळ्या उपवर मुलांचे दोष मला पाठ झाले होते.

वरच्या हॉलवाल्या बापानं आबांना पाणी दिलं, मला दिलं, आबांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि काहीच उत्तर दिलं नाही. बैलाला पेंड घालायला निघून गेला. माझा अनुभव असा, की उत्तर आलं नाही म्हणजे मामला संपला. मी स्कूटरची किल्ली काढली. आबांनी मला खाली बसवलं, टॉवेलाची उशी केली आणि ओसरीवर आडवे झाले. घोरायला लागले. त्या घरातली माणसं त्यांना ओलांडून ये-जा करत होती. ऊन कललं तेव्हा आबा उठले, चूळ भरली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, जसा पहिल्यांदाच विचारतायत.

तेव्हा तो म्हणाला की हॉलचं काय ते ठीक, पण त्या माणसाचं तोंड मी लग्नाच्या दिवशी बघणार नाही. आबा हॉल गेलेल्या बापाच्या घरी गेले, मी मागोमाग. तिथं सांगितलं, तिकडून हरकत नाही, फक्त जिना वेगळा पाहिजे म्हणतायत. तो म्हणाला, जिना वेगळा पाहिजेच, त्याच्या पायरीवर पाय ठेवायची मला हौस नाही. आबा परत वरच्या हॉलवाल्याकडं आले आणि म्हणाले, मागचा जिना त्यांना चालतोय, तुमच्या सोयीसाठी. दोन्ही घरांत एका रस्त्याचं अंतर. दिवे लागेपर्यंत आबा इकडून तिकडं, तिकडून इकडं. जेवढं पोचवायचं तेवढंच पोचवलं, बाकीचं रस्त्यातच गिळलं. मी ओट्यावर बसून बघत होतो आणि माझं डोकं दुखत होतं. तिघा भावांना मी मध्यस्थ म्हणून जो प्रोग्राम विकला, तो उत्तर आलं नाही की होकार धरून मोकळा झाला होता. हा मध्यस्थ उत्तर आलं नाही की दारात झोपत होता. असलं काही प्रोग्राममध्ये कसं घालतात ते मला अजून माहीत नाही.

लग्नाच्या दिवशी मला सकाळपासून कार्यालयात बसवून ठेवलं. प्रोग्रामनं आता नवरदेव गायब करू नये, एवढंच बघा, असं मोठा म्हणाला. खालच्या हॉलमध्ये राणीसावरगावचा बँड, वरच्या हॉलमध्ये बोरीचं पहिलं लग्न. मी काळजीत होतो की पहिल्यांचे पाहुणे उठणार कधी आणि दुसऱ्यांचे बसणार कुठं. आणि तिथं मला कळलं की गाव एक, भावकी एक, आमंत्रणं दोन्हीकडची, पाहुणेही तेच. पत्रिका हातात पडल्यापासून बोरीतला प्रत्येक माणूस या चिंतेत होता की खाली गेलं तर वरचा रुसतो आणि वर गेलं तर खालचा. आता लोक सकाळी एकदा आले, एका लग्नाला बसले, जेवले, तिथंच खुर्च्या जोडून झोपले, आणि उठून दुसऱ्या लग्नाला बसले. धाकट्याच्या आचाऱ्यानं चूल विझवलीच नाही. भात संपायचा आणि पुन्हा शिजायचा, आणि पंगतीतला माणूस कोणत्या लग्नाचं जेवतोय हे त्यालाही सांगता आलं नसतं.

दुपारी मी पाण्यासाठी मागच्या खोल्यांकडं गेलो. तिथं दुसरी नवरी बसली होती. गावाच्या गाडीतूनच आलेली, म्हणून सकाळपासून तयार होऊन गोरज मुहूर्ताची वाट बघत. मेंदीचे हात मांडीवर उलटे ठेवलेले, मुंडावळ्या घामानं कपाळाला चिकटलेल्या. बापानं मला कुठं दाखवलं असेल कोण जाणे, तिनं ओळखलं.

"काका, आता हितंच हाय ना माझं?" तिनं विचारलं. "पुन्यांदा कुणी उठवणार न्हाई ना?"

मी म्हणालो, नाही बाई, कुणी उठवत नाही. मग ऑफिसात जाऊन मी कॉम्प्युटरची वायरच काढून ठेवली. नेट गेलंय असं मालकाला सांगितलं. त्या दिवसापुरती तेवढीच एक सेवा माझ्या हातात होती.

संध्याकाळी गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या. आबा दोन्ही लग्नांत पुढं उभे राहून अक्षता अशा फेकत होते की शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या कानात तांदूळ गेले. मागच्या जिन्याचं म्हणाल तर गर्दीत तो पहिल्या तासातच सगळ्यांचा झाला. पाण्याच्या जारापाशी मी दोन्ही बापांना एकाच वेळी पाहिलं. एकाच्या हातात रिकामा पेला. दुसऱ्यानं जार हलवून बघितला.

"संपलं," तो म्हणाला.

"सांगतो," पेलावाला म्हणाला, आणि सांगायला गेला.

एवढंच झालं. गळाभेट झाली असं मी लोकांना सांगत असतो, ते खोटं आहे.

त्यानंतर मी यादी पुन्हा उसवायला बसलो. आबांच्या नंबराखाली अडकलेला एकेक बाप सोडवायचा, त्याचा स्वतःचा नंबर मिळवायचा, तिन्ही दुकानांत तो भरायचा. दिवसभर फोन लावून कान असे बधिर व्हायचे की संध्याकाळी घरी गेल्यावर बायको काय बोलते ते फक्त ओठांवरून कळावं. एका दुपारी बोरीचा तो बाप आला. लग्नाच्या सामानात चुकून त्याच्या घरी गेलेला मोठा झारा परत द्यायला. मी त्याला कूलरसमोर बसवलं आणि पाणी दिलं. नंबरामुळं काय काय झालं, त्याची पोरगी कशी नाहीशी झाली, शेजाऱ्याशी तो एक कसा झाला, मेसेज कुठं गेला, तो कुणी वाचला नाही, आणि असलं पुन्हा होऊ नये म्हणून प्रत्येक माणसाचा स्वतःचा नंबर यादीत असणं किती जरुरी आहे, हे सगळं मी घसा कोरडा होईपर्यंत त्याला सांगितलं. तुमच्या धाकट्या पोरीचं लग्नही पुढंमागं करायचं असेल, तेव्हा आता तुमचा स्वतःचा नंबर सांगा, म्हणून हात जोडले.

त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

"आबाचाच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "फोन त्येच उचलतेत."